स्प्लिट पॉइंट कोण सरकवतंय

माझा स्वभाव संशयी आहे, आणि त्याचाच मला पगार मिळतो. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. दुसऱ्यांनी मन लावून केलेल्या कामात कुठं पाणी मुरतंय ते शोधायचं, आणि नाही सापडलं तर आपलंच काहीतरी बघायचं राहिलं असं समजून पुन्हा शोधायचं. दिवसभर हे केलेलं डोकं संध्याकाळी खुंटीला टांगता येत नाही. दूध पातळ लागलं की मी दूधवाल्याच्या तोंडाकडे बघतो. कुणी विनाकारण गोड बोललं की त्या रात्री मला झोप लागत नाही. बायको लातूरला शाळेत शिकवते. ती म्हणते, तुम्ही तिकडं एकटे राहता तेच बरंय, निदान मला उलटतपासणी तरी नाही.

मुळशीतल्या चांदे गावात मी खोली बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. घरमालकांची निम्मी जमीन विकून झालेली, उरलेल्या निम्म्यात भात, आणि घरामागे भाड्यानं द्यायला बांधलेल्या खोल्यांची ओळ. दादांनी (घरमालकांना मी दादा म्हणतो) मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "एकट्या मानसाला आमी खोली देत न्हाई, सर. फॅमिली आसंल तर बोला." मी बरं म्हणून निघालो. जाता जाता, दुसरीकडे काही मिळत असेल तर सांगा, माझ्याकडे सामान फारसं नाही, एक गादी, दोन बॅगा आणि एक कीबोर्ड, असं बोलून गेलो.

"कीबोर्ड म्हंजी?"

"वाजवायचा. पेटीसारखा, विजेवर चालणारा."

दादांनी आतल्या दाराकडे पाहिलं. दारात त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, उभ्या होत्या. दोघांची नजरानजर झाली, आणि दादा म्हणाले, "कधी येताय राहायला?"

माझ्या मनात तिथंच शंकेची पाल चुकचुकली. एकट्या माणसाला नको असलेली खोली कीबोर्डवाल्या एकट्या माणसाला का चालते? पण कंपनी जवळ होती आणि खोलीला स्वतंत्र नळ होता. मी आलो.

सामान उतरवलं त्या दिवशी दादांनी कीबोर्ड अंगणातच उघडायला लावला. सगळं घर भोवती जमलं. पडवीतल्या खाटेवर दादांचे वडील, आबा, भिंतीला टेकून बसले होते. त्यांना आदल्या वर्षी लकवा मारला होता. डावा हात मांडीवर पडलेला, जिभेलाही जडपणा. बाकीचे कीबोर्डकडे बघत होते आणि आबा तोंड फिरवून रस्त्याकडे.

"ह्येला भाता कुटं हाय?" दादांनी विचारलं.

"भाता लागत नाही. वीज असली की झालं."

वहिनींनी आबांकडे पाहिलं. मला तेही खटकलं. पण मी तेव्हा शिकवायच्या भरात होतो. मी त्यांना दाखवलं की या एका वाद्यात दोन वाद्यं मावतात. एक पट्टी ठरवायची. तिच्या डावीकडे दाबलं की एक आवाज, उजवीकडे दुसरा. उजव्या हाताला पेटी, डाव्या हाताला तंतुवाद्यांचा मागून धरलेला सूर. जिथं वाटणी होते तिला स्प्लिट पॉइंट म्हणतात. आणि हा पॉइंट हवा तिथं नेता येतो. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं हे बटण दाबून धरायचं आणि जी पट्टी हवी ती दुसऱ्या हातानं दाबायची.

"म्हंजी बांध की वो ह्यो!" दादा खूश होऊन म्हणाले. "ही माजी बाजू, ती तुमची. आन् रातीत सरकवला तर कळायचं बी न्हाई."

सगळे हसले. मुळशीत बांधावरून हसतात तसं, म्हणजे जरा सावधपणे. दादांचं स्वतःचं चुलत्यांशी बांध कोरण्यावरून भांडण चालूच होतं आणि मोजणीवाल्यांसाठी पौडला तालुक्याच्या कचेरीत खेपा घालून त्यांच्या चपला झिजल्या होत्या.

गावात मारुतीच्या देवळात शनिवारी संध्याकाळी भजन असतं. पखवाज होता, टाळ होते, गळे तर भरपूर होते, पेटीवर मात्र कोणी नव्हतं. कारण पेटीवर आयुष्यभर आबा बसले होते. लकवा मारल्यापासून त्यांनी देवळाची पायरी चढली नव्हती. त्यांची पेटी पडवीच्या फळीवर जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. आलो त्याच आठवड्यात दादांनी मला कीबोर्डसकट देवळात नेऊन आबांच्या जागेवर बसवलं.

आता ही जागा मला केवढी मोठी वाटत होती ते सांगायला हवं. कंपनीत मी मोठ्या हॉलमधल्या एका टेबलाचा नंबर होतो. गावात मी 'मागच्या खोलीतले सर' होतो, आणि मागच्या खोल्यांत सर पुष्कळ होते. देवळात मात्र मी आलो की माणसं सरकून वाट करून द्यायची. लातूर सोडल्यापासून मला कुणी असं सरकून जागा दिली नव्हती. ती जागा गेली असती तर मी शनिवार-रविवार खोलीत पडून भिंतीवरच्या पाली मोजल्या असत्या.

स्प्लिट पॉइंट कुठं ठेवायचा हे ठरवायला मला बरेच शनिवार लागले. आमची मंडळी काळी चारात गातात, चांगली तार स्वरात, पण एखादा अभंग मध्येच खालच्या पंचमापर्यंत उतरतो. बांध त्या पंचमाच्या वर ठेवला की ऐन उतरणीला पेटी गायब आणि तंतुवाद्यांचा सूर भसकन पुढे. फार खाली नेला तर डाव्या हाताला पाय पसरायला जागा नाही. शेवटी मी पंचमाच्या खाली एक पट्टी सोडून तिच्याखाली पॉइंट ठेवला. तिथं तो असा बसला की मला बघावंही लागेना. माझा कीबोर्ड बंद करून चालू केला तरी शेवटची जागा लक्षात ठेवतो.

आणि एका शनिवारी मी डोळे मिटून डावा हात ठेवला, तर तंतुवाद्यांऐवजी खालच्या सप्तकातली पेटी म्हशीसारखी हंबरली. पखवाज थांबला. टाळ थांबले. कोणीतरी म्हणालं, "सर, आवाज बसला व्हय?" आणि सगळं देऊळ हसलं. मी बघितलं तर स्प्लिट पॉइंट पार डावीकडे, अगदी शेवटाजवळच्या पट्टीवर जाऊन बसला होता.

मी तो जागेवर आणला, भजन पार पाडलं, आणि खोलीवर येऊन विचार करायला लागलो. मशीन आपोआप असं करत नाही. माझा धंदाच तो आहे, मला कळतं. म्हणजे कुणीतरी केलं.

पुढच्या आठवड्यात मी रोज कामावरून आल्यावर आधी कीबोर्ड लावून बघायला लागलो. मी सकाळी पॉइंट जागेवर ठेवून जायचो, संध्याकाळी तो डावीकडे. कधी शेवटच्या पट्टीवर, कधी तिच्या शेजारच्या. कीबोर्डवर झाकलेलं कापड उलटं घातलेलं. खोलीला कुलूप तसंच. दुसरी किल्ली घरमालकांकडे असते, सगळीकडेच असते. म्हणजे घरातलंच कोणीतरी मी नसताना माझ्या खोलीत शिरत होतं.

हा संशय आल्यापासून मला त्या घरातलं प्रत्येक माणूस वेगळं दिसायला लागलं. वहिनी मी निघताना रोज विचारायच्या, "आज उशीर हुईल का, सर?" आधी मला ती माया वाटायची. आता कळलं की वेळ काढून घेतायत. आबा तर पहिल्या दिवसापासूनच माझ्याकडे बघत नव्हते. मी पडवीवरून गेलो की मान रस्त्याकडे. माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांची जागा मी घेतली म्हणून त्यांना माझा राग असणार, हे मी समजू शकत होतो. पण आबांना मी संशयितांतून वगळलं होतं. पॉइंट सरकवायला दोन हात लागतात. एकानं बटण दाबून धरायचं, दुसऱ्यानं पट्टी.

मग एका संध्याकाळी मी सहज एकाच हातानं करून पाहिलं. बटणावर अंगठा ठेवून पंजा ताणला तर करंगळी कुठपर्यंत पोचते? बरोबर डावीकडच्या शेवटच्या दोन पट्ट्यांपर्यंत. त्याच्या पुढं नाहीच. म्हणजे हे करणारा माणूस एकाच हातानं करत होता. आणि मला लगेच दादा आठवले.

दादांचा डावा हात कधीच मोकळा नसतो. त्यात फोन असतो. जमिनींचे व्यवहार करून देतात ते, दिवसभर 'कासार आंबोलीचा प्लॉट रोडटच हाय' असं कुणाला तरी सांगत असतात. जेवताना फोन, गाईला पाणी दाखवताना फोन. हा माणूस माझ्या खोलीत फोन कानाला लावूनच शिरत असणार आणि एका हातानं माझा बांध कोरत असणार! कशासाठी, तेही मी ठरवून टाकलं. मी देवळात तोंडघशी पडलो की मंडळी मला नको म्हणतील, मग मी खोली सोडेन, आणि ती खोली चढ्या भाड्यानं कुठल्यातरी कुटुंबाला देता येईल. मला एकदम सगळं स्वच्छ दिसायला लागलं. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण खरं सांगायचं तर थोडं समाधानही वाटलं. दोष सापडला की मला वाटतंच.

पण पुरावा हवा. एका सकाळी मी नेहमीसारखा गाडीवर निघालो. वहिनींनी विचारलं, "उशीर हुईल का?" मी म्हणालो, "हो, आज फारच." गाडी मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीमागे लावली आणि शेताच्या कडेनं चालत परत आलो. माझ्या खोलीच्या मागच्या खिडकीसमोर पेंढ्याचा ढीग होता. त्याच्यामागे मी, एक नोकरदार माणूस, ऑफिसची बॅग पोटाशी धरून उकिडवा बसलो. गाईनं माझ्याकडे बघितलं आणि रवंथ चालू ठेवला.

थोड्या वेळानं कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग काहीतरी घासत घासत आत येत असल्यासारखा आवाज, थांबत, पुन्हा घासत. मग वहिनींचा, "हळू, आबा, उंबरा हाय."

आणि मग पेटी वाजायला लागली.

मी खिडकीच्या फटीला डोळा लावला. आबा माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. डावा हात मांडीवर, वहिनींनी तो पदरानं अलगद आधार देऊन ठेवलेला. उजवा हात कीबोर्डवर. आधी त्यांनी पंजा ताणला, अंगठा बटणावर, करंगळी शेवटच्या पट्टीवर, चेहरा पिळवटेपर्यंत ताण देऊन. पॉइंट खाली गेला. आता सगळा कीबोर्ड म्हणजे एकच पेटी. त्यांचा हात वर गेला, खाली आला, खालच्या पंचमावर थांबला, तिथून आणखी खाली उतरला, जिथं मी शनिवारी कधी उतरलोच नव्हतो, कारण तिथं माझी डावी बाजू सुरू होत होती. त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि वहिनी ती पुसत नव्हत्या. वाजवून होईपर्यंत थांबल्या होत्या.

मला पेंढ्यामागून उठताच येईना. राग आला होता. कुणाचा, ते कळत नव्हतं. आता कुणावर संशय घ्यायचा?

आबांना खाटेवर नेऊन बसवल्यावर वहिनी कुलूप लावायला परत आल्या, तेव्हा मी समोर गेलो. त्या दचकल्या नाहीत. पदरानं हात पुसत म्हणाल्या, "कळलं व्हय तुमाला?"

"मला विचारायचं ना, वहिनी. मी नाही म्हणालो असतो का?"

"तुमी दिलं आसतं, सर. त्येंनी घेतलं नसतं." त्यांनी पडवीकडे बघून आवाज खाली केला. "लकवा मारल्यावर म्या म्हनलं, आबा, तुमी वाजवा, मी भाता हानते. तर पेटीच ढकलून दिली. दुसऱ्यानं वारा भरायचा आन् म्या वाजवायचं व्हय, म्हनले. ह्ये भरवाया गेले तर चमचा फेकून दिला. कुनी काय हातात दिलं की फेकत्यात. तुमचा बाजा इजंवर चालतो आसं ऐकलं आन् ह्येंच्या मनात आलं, ह्येला वारा लागत नसंल. म्हनून तर तुमाला खोली दिली." त्यांनी कुलपातली किल्ली काढली. "आबांना ह्यातलं काय ठावं न्हाई; त्येंना वाटतंय, ते आन् मी तुमच्यापासनं चोरून करतोय. म्हनूनच यायला लागलेत. चोरून घेतलेलं चालतंय त्येंना."

म्हणजे पहिल्या दिवशीच माझ्या मनात आलं होतं ते खरं होतं. या लोकांचा काहीतरी डाव होता. मी आयुष्यात इतका बरोबर कधी ठरलो नव्हतो, आणि बरोबर ठरून इतका ओशाळलोही नव्हतो.

"आन् ते बांधाचं बटन," वहिनी म्हणाल्या, "ते काय मला जमत न्हाई. मी नुसतं वायरचं बटन दाबते. ते त्येंचं तेच करत्यात. परत जागेवर ठिवायला त्येंना जमत न्हाई. शनिवारी तुमचा घोटाळा झाला, ते लोकांनी सांगितलं. तवापासून त्येंचं तोंड उतरलं हुतं."

मी म्हणालो, काळजी करू नका, मला काही माहीत नाही असंच समजा. आणि इथंच मी घोळ घातला. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना मला त्यांचा तो पिळवटलेला चेहरा आठवला. एवढा ताण कशाला? मी स्प्लिट पॉइंट स्वतःच शेवटच्या पट्टीवर नेऊन ठेवला. खुर्ची ओढून नीट समोर ठेवली. तिच्यावर माझी मऊ उशी ठेवली. कापड घडी करून बाजूला. चांगुलपणा केला की मला अंगात हलकं वाटतं, तसं वाटत मी हिंजवडीला गेलो.

संध्याकाळी आलो तर उशी हललेली नव्हती. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. वहिनींनी मला बघून न बघितल्यासारखं केलं, आणि मी नळावर हात धुवायला गेलो तेव्हा शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "काय केलं तुमी?"

"काही नाही. फक्त जरा सोय..."

"बटन दाबायला हात ताणला, तर बांध आधीच खाली. खुर्चीवरची उशी बघितली. मग माज्याकडं बघितलं. तसंच उटून बाहीर आले." त्यांचे डोळे भरले होते. "समजलं त्येंना. आता न्हाई यायचे."

आणि खरंच आले नाहीत. तो आठवडा गेला, पुढचा गेला. मी पॉइंट पुन्हा माझ्या जागी ठेवायचो आणि संध्याकाळी तो माझ्याच जागी असायचा. आधी जे बघायला मी तडफडत होतो ते आता रोज दिसत होतं. वहिनींनी सांगितलं, आबा आता चांगला हातही उचलत नाहीत. भाकरीचा तुकडा समोर तसाच पडून राहतो. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम बंद. शनिवारी देवळात मी आबांच्या जागेवर बसलो, मंडळींनी सरकून वाट दिली, आणि मला ती वाट नकोशी झाली. मंडळी म्हणाली, सर आज छान वाजलं. मला कुणाचंच खरं वाटलं नाही.

आबांना पुन्हा कसं आणायचं? माफी मागायला गेलो असतो तर ती आणखी एक उशी झाली असती. तीन-चार दिवस डोकं खाजवलं. मग विचार केला, आपल्याला जे येतं तेच करावं.

रविवारी सकाळी सगळं घर अंगणात होतं. दादा फोनवर, वहिनी तांदूळ पाखडत, आबा खाटेवर रस्त्याकडे तोंड करून. मी खोलीचं दार धाडकन आपटलं आणि अंगणात आलो.

"माझ्या कीबोर्डला कोण हात लावतंय?" मी ओरडलो. लातुरात शिकलेला आवाज, बऱ्याच वर्षांनी बाहेर काढला. "काल रात्री पुन्हा स्प्लिट पॉइंट सरकलेला होता! मी नसताना माझ्या खोलीत कोण जातं? मला काय खुळा समजता काय? मी पकडल्याशिवाय राहणार नाही, सांगून ठेवतो!"

दादांनी आयुष्यात पहिल्यांदा फोन कानावरून खाली घेतला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, एक क्षणभरच, आणि सूप जमिनीवर आपटून माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या, "वा वो सर! आमी काय चोर हाय व्हय? उंदीर आसंल तुमच्या खोलीत! आधी घान काडा, मग बोला!"

"उंदीर बटण दाबतो का?"

"हितले उंदीर लई हुशार हायेत!"

आमचं असं चांगलं जुंपलेलं असताना पडवीतून घशातून ओढत काढल्यासारखा आवाज आला. आम्ही दोघंही थांबलो. आबांनी मान वळवली होती. रस्त्याकडून, सावकाश, माझ्याकडे. पहिल्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं. ओठाचा एक कोपरा पडलेलाच होता, दुसऱ्यात काहीतरी हालत होतं.

"कु... लूप," आबा म्हणाले. जिभेला ते वजन उचलवत नव्हतं तरी पुन्हा उचललं. "कुलूप... लावा की... नीट."

"लावतो ना," मी घुश्शात म्हणालो. "आजपासून दोनदा ओढून बघतो."

आणि पाय आपटत आत गेलो, दार लावलं, आणि गादीवर बसून तोंडावर टॉवेल दाबून रडलो. बाहेर दादा वहिनींना विचारत होते की ह्या सरांचं डोकं फिरलंय का.

सोमवारी मी सगळ्यांना दिसेल असं कुलूप लावलं, दोनदा ओढलं, आबांकडे रागानं बघितलं आणि गेलो. संध्याकाळी आलो तर कापड उलटं घातलेलं होतं. कीबोर्ड चालू केला. स्प्लिट पॉइंट डावीकडे, शेवटच्या पट्टीवर.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी मी अंगणात येऊन भांडतो. शेजारच्या खोल्यांतले सर मला टाळतात. माणूस चांगला आहे पण संशयी फार, असं माझ्याबद्दल गावात बोललं जातं, हे माझ्या कानावर आलंय. भांडण नसेल त्या दिवशीही कामावरून आलो की मी आधी कीबोर्ड लावतो. डाव्या हातानं बटण दाबून धरतो, उजव्यानं पट्टी दाबतो, आणि पॉइंट पुन्हा वर, माझ्या जागी नेऊन ठेवतो. सकाळी आबांना तो खाली आणायचा असतो.